टीआरपी नक्की मोजतात कसा, आणि आईची आवडती मालिका बंद का झाली

मध्यंतरी आमच्या घरच्या ग्रुपवर बातमी आली की आई बघते ती ८ वाजताची मालिका आटोपती घेताहेत, पंधरा दिवसांत शेवटचा भाग. आई दोन दिवस हळहळत होती. सव्वा वर्ष रोज बघितलेली मालिका, त्यातली नायिका तिला घरातल्या मुलीसारखी झाली होती. "इतकी चांगली चालली होती की गं, आमच्या सोसायटीतल्या सगळ्या बायका बघायच्या, मग बंद कशाला करायची?" असं ती मला तीनदा तरी म्हणाली. ग्रुपवर काकांचं उत्तर एका ओळीत आलं, टीआरपी नव्हता. त्यावर मावशी म्हणाली टीआरपी सगळा बोगस असतो, आमच्याकडे कधी कोणी विचारायला आलंय का? आणि चुलतभाऊ म्हणाला लोकांना रडारड आणि कारस्थानंच आवडतात त्याला चॅनल तरी काय करणार.

मी एका जाहिरात कंपनीत तीन वर्षं काम केलंय, तिथे दर गुरुवारी हे आकडे यायचे आणि त्या दिवशी ऑफिसात दहावीच्या निकालासारखं वातावरण असायचं. म्हणून वाटलं की एकदा हे नीट लिहावं, कारण काका, मावशी आणि भाऊ तिघांच्या बोलण्यात थोडं थोडं खरं आहे आणि तिघांचाही निष्कर्ष मला चुकीचा वाटतो.

आकडा येतो कुठून

आपल्या देशात टीव्ही कोण किती बघतं हे मोजायचं काम बार्क नावाची संस्था करते. पूर्ण नाव ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल. ही सरकारी नाही. चॅनलवाले, जाहिरात देणाऱ्या कंपन्या आणि जाहिरात एजन्सी या तिघांच्या संघटनांनी मिळून ती उभी केली, म्हणजे ज्यांचे पैसे या आकड्यांवर फिरतात तेच मालक. एप्रिल २०१५ पासून बार्कचे आकडे यायला लागले आणि ऑक्टोबर २०१५ पासून त्यात खेडीही आली. त्याआधीच्या मोजणीत गावाकडचा प्रेक्षक जवळपास नव्हताच. म्हणजे सांगली-साताऱ्याच्या एखाद्या वाडीतली बाई रोज चार तास टीव्ही बघत असली तरी त्या आकड्यांत ती कुठेच नव्हती. त्यानंतर आपल्याकडे गावातल्या, वाड्यातल्या, मातीतल्या भाषेच्या मालिका वाढल्या असं मला वाटतं, आणि त्यामागे हे एक कारण असणार असं माझं मत आहे.

आता प्रत्यक्ष मोजणी. देशभरातली हजारो घरं निवडलेली असतात आणि त्यांच्या टीव्हीला एक छोटं मशीन जोडलेलं असतं, त्याला सगळे मीटरच म्हणतात. प्रत्येक चॅनल आपल्या आवाजात एक खूण मिसळून सोडतं, ती आपल्या कानाला ऐकू येत नाही पण मीटरला बरोबर ओळखता येते, म्हणजे नोटेवर जसा वॉटरमार्क असतो तसा हा आवाजातला वॉटरमार्क. त्यावरून या घरात ८ वाजून १२ मिनिटांनी कुठलं चॅनल चालू होतं हे मीटरला कळतं.

पण टीव्हीसमोर कोण बसलंय हे मीटरला आपोआप कळत नाही बरं का. त्यासाठी त्या घरात एक वेगळा रिमोट दिलेला असतो आणि घरातल्या प्रत्येकाला त्यावर एक बटण. आजी बसली की आजीने आपलं बटण दाबायचं, उठली की बंद करायचं. रोज, वर्षानुवर्षं. हा सगळा डोलारा शेवटी कोणीतरी आजी बटण दाबायला विसरली का नाही यावर उभा आहे.

"६ चा टीआरपी" म्हणजे सहा काय?

इथे बहुतेक लोक गोंधळतात. ६ टीआरपी म्हणजे ६ लाख लोक नाही, आणि १० पैकी ६ मार्क तर अजिबात नाही. सोपं करून सांगायचं तर, ज्या १०० माणसांच्या घरी टीव्ही आहे त्यातली सरासरी किती माणसं कुठल्याही एका मिनिटाला ती मालिका बघत होती, तो आकडा. यात "सरासरी मिनिट" हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

हे मला स्वतःला समजायला वेळ लागला होता म्हणून मी मागच्या आठवड्यात आमच्याच घरात करून बघितलं. सोमवारी ८ ते साडेआठ वही घेऊन बसले. घरात चार माणसं. आई समोर गवार निवडत बसलेली, मध्ये कुकर झाला म्हणून उठली, कणीक मळून ठेवली आणि परत आली, म्हणजे ३० मिनिटांपैकी ती खोलीत २४ मिनिटं होती. बाबा पूर्ण ३० मिनिटं खुर्चीत, पण त्यातला बराच वेळ पेपर तोंडासमोर. मी मध्ये फोनवर बोलायला बाहेर गेले, माझी १२ मिनिटं. भाची कार्टून लावून द्या म्हणून आली, नाही म्हटल्यावर तिथेच रेंगाळली आणि ६ मिनिटांनी गेली. बेरीज केली तर ७२ मिनिटं. चार माणसं गुणिले ३० मिनिटं म्हणजे १२० झाली असती. १२० पैकी ७२ म्हणजे ६० टक्के. म्हणजे आमचं घर हेच सगळं जग असतं तर त्या दिवशीच्या भागाचा टीआरपी ६०.

आता यात काय काय दिसतं बघा. बाबांनी सगळ्यात जास्त मिनिटं दिली आणि भागात काय झालं ते त्यांना सांगता येत नव्हतं. आईचा त्या मालिकेत जीव अडकलेला, तिची मिनिटं बाबांपेक्षा कमी. आणि आमच्याकडे मीटर असतं तर कणीक मळायला उठताना आईने आठवणीने बटण बंद केलं असतं असं मला तरी वाटत नाही, मग तोच आकडा ७८ मिनिटं म्हणजे ६५ टक्के झाला असता. मीटर माणसाची हजेरी घेतं. लक्ष होतं का, आवडलं का, रडू आलं का, यातलं काहीच त्याच्याकडे येत नाही.

हे एकदा कळलं की मालिकांमधल्या कितीतरी सवयींचा उलगडा होतो. कालच्या भागातली तीन मिनिटं आज परत का दाखवतात, एक कानाखाली तीन कोनांतून का, ब्रेकच्या आधी दार उघडताना दिसतं पण दारात कोण आहे ते ब्रेकनंतरच का. ८ ची मालिका संपून साडेआठची सुरू होते तेव्हा बऱ्याचदा मध्ये जाहिरातसुद्धा लावत नाहीत, कारण तेवढ्यात तुमचा हात रिमोटकडे जाईल. रविवारचे महाएपिसोड पण त्यातलेच. प्रत्येक ठिकाणी प्रयत्न एकच, तुम्ही अजून दोन मिनिटं बसावं.

"आमच्या घरी कधी कोणी आलं नाही"

येणारही नाही बहुतेक. २०२० च्या अंदाजाप्रमाणे देशात टीव्ही असलेली साधारण २१ कोटी घरं होती आणि मीटर लागलेली घरं पुढे वाढत ५५ हजारांच्या आसपास गेली. म्हणजे अंदाजे ३,८०० घरांमागे एक. तुमच्या ओळखीत एकाकडेही मीटर नसणं हेच जास्त शक्य आहे, आणि असलं तरी ते तुम्हाला सांगणार नाहीत कारण ही घरं गुप्त ठेवायची असतात.

मग एवढ्याशा घरांवरून अख्ख्या देशाचं कळतं कसं? आपल्याकडे म्हणतातच की शितावरून भाताची परीक्षा. रक्त तपासायला एक बाटलीभर लागत नाही, छोटी नळी पुरते. पण भाताची परीक्षा करताना आई काय करते ते आठवा, ती वरचं शीत घेत नाही, पळीने खालून वर करते आणि मग मधलं शीत दाबून बघते. तसंच इथे घरं निवडताना शहर, छोटं गाव, खेडं, घरातल्या कमावत्या माणसाचं शिक्षण आणि घरात काय काय वस्तू आहेत हे बघून प्रत्येक थरातून घरं घेतात. वस्तूंची यादी ११ गोष्टींची आहे, वीज, पंखा, गॅस, टीव्ही, फ्रीज, दुचाकी, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. वाचायला मजा वाटते पण यावरूनच तुमचं घर कुठल्या गटात बसतं ते ठरतं, आणि साबणवाला किंवा गाडीवाला त्याच्या गटातल्या लोकांचा आकडा वेगळा मागून घेतो.

त्यामुळे मावशीचा मुद्दा, की आम्हाला विचारलं नाही म्हणून खोटं, हा टिकत नाही. सोसायटीतल्या सगळ्या बायका बघायच्या हा आईचा मुद्दाही दुर्दैवाने टिकत नाही, एका सोसायटीतल्या बायका म्हणजे पातेल्यातला एकच कोपरा.

पण पॉइंट दोनसाठी (म्हणजे ०.२ साठी) एवढी मारामारी कशाला

शीत दाबून भात शिजला की नाही एवढं कळतं. भात ८७ टक्के शिजलाय का ८९ टक्के हे शितावरून सांगता येत नाही. आणि टीआरपीच्या बाबतीत लोक नेमकं हेच करायला जातात.

एक हिशोब करूया, आकडे फक्त समजण्यापुरते घेते. समजा एका राज्यात ४,००० माणसांची नोंद होतेय आणि एका मालिकेला २ चा टीआरपी आला. ४,००० चे २ टक्के म्हणजे फक्त ८० माणसं. निवडलेली घरं थोडी वेगळी असती तर हीच ८० माणसं ६५ झाली असती किंवा ९५, यात कोणाचीही लबाडी नाही, नमुना म्हटलं की एवढं मागेपुढे होतंच. म्हणजे खरा आकडा १.६ पण असू शकतो आणि २.४ पण. आता आपल्या ग्रुपवर फिरणाऱ्या त्या याद्या आठवा, अमुक मालिका १.९ वर घसरली, तमुकने २.१ करून मात केली, या नटीच्या फॅन्सनी त्या नटीला शिव्या घातल्या. ८० माणसांतल्या चार-आठ माणसांवरून. एखाद्या घरातली मंडळी लग्नाला गावाला गेली तरी एवढा फरक पडतो.

वरच्या नंबरांत, ६ आणि ३ यात, खरंच फरक असतो आणि तो आठवड्यामागून आठवडे टिकतो. तिथे आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. खाली गर्दी झालेल्या मालिकांत एका आठवड्याच्या क्रमांकाला फारसा अर्थ नसतो. हे चॅनलमधल्या लोकांना माहीत नसतं असं नाही, पण गुरुवारी आकडा आला की वरून फोन येतोच, आणि सेटवरच्या लेखकाला सांगितलं जातं की हा ट्रॅक बंद करा, नायिकेला अपघात दाखवा, सात वर्षांचा लीप घ्या, म्हणजे गोष्ट एकदम सात वर्षं पुढे न्या. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं. सहा महिन्यांची विचार करून लिहिलेली गोष्ट कधीकधी दहा घरांच्या हलण्याने मोडली जाते, आणि त्या कथेसाठी रात्री जागणारे लोक खरे असतात.

मग मालिका बंद का करतात

कारण आकड्याला भाव आहे. जाहिरातीचा दर साधारण "टीआरपीच्या एका पॉइंटमागे १० सेकंदांचे इतके रुपये" असा धरतात. परत समजण्यापुरतं, समजा पॉइंटला १,००० रुपये. ६ च्या मालिकेत १० सेकंदांचे ६,००० आले, २ च्या मालिकेत २,०००. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटं जाहिरात चालते, त्यातली २ मिनिटं चॅनलच्या स्वतःच्या प्रोमोसाठी. म्हणजे अर्ध्या तासात विकायला ५ मिनिटं, १० सेकंदांचे ३० तुकडे. एका मालिकेचे १ लाख ८० हजार, दुसरीचे ६० हजार. आणि सेट, लाइट, जेवण, मेकअप, युनिट, नटांचा दिवसाचा पगार यात मात्र एवढा फरक नाही, चांगली मालिका लिहिली म्हणून जनरेटरचं भाडं कमी होत नाही.

त्यात वेळेचा खेळ असतो. ८ ला माणसं कमी बसली तर साडेआठच्या मालिकेला सुरुवातच कमी माणसांनी होते, म्हणून कधीकधी ८ ची मालिका बरी चालत असूनही साडेआठची वाचवायला तिची वेळ बदलतात किंवा ती संपवतात. 'आई कुठे काय करते' आठवत असेल, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, बराच काळ पहिल्या नंबरावर होती, २०२४ मध्ये संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. दुपारी अडीचला मुळात घरात टीव्हीसमोर माणसंच कमी, तेव्हा तीच मालिका, तेच कलाकार, तेवढ्याच मनापासून केलेलं काम, आणि आकडा लहान. वेळ बदलली तर आकड्याची तुलना आधीच्या आकड्याशी करायचीच नाही.

"सगळं मॅनेज करतात"

हा संशय हवेतून आलेला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी जाहीर केलं की काही घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनल चालू ठेवायला सांगितलं जायचं. माणूस घरात नसला तरी टीव्ही चालू. त्यानंतर बार्कने बातम्यांच्या एकेका चॅनलचे आकडे देणंच थांबवलं आणि ते परत सुरू झाले मार्च २०२२ मध्ये. पुढे सरकारने तो खटला मागे घ्यायची परवानगी मागितली आणि २०२४ मध्ये कोर्टाने ती दिली, त्यामुळे कोण दोषी हे कोर्टातून काही ठरलं नाही.

पण यातून दिसलं ते असं की जिथे आकडा लहान तिथे फसवणूक सोपी. वरच्या हिशोबातल्या ८० माणसांत पाच घरं फोडली तर एकदम वीस माणसं वाढतात. बातम्यांच्या चॅनलचा प्रेक्षक मालिकांपेक्षा खूप कमी, म्हणून तिथे थोडी घरंही पुरतात. मोठ्या मालिकेला ६ चे ७ करायचे तर कितीतरी घरं शोधावी लागतील आणि तेवढ्या घरांची तोंडं बंद ठेवावी लागतील. म्हणून मावशीला मी सांगितलं की सगळंच बोगस म्हणू नकोस, पण आकडा जेवढा छोटा तेवढा संशय ठेव.

"लोकांना हेच आवडतं, आकडाच सांगतो"

चुलतभावाचं हे वाक्य मी ऑफिसातही शंभरदा ऐकलंय आणि मला ते मनापासून पटत नाही. टीआरपी फक्त एवढं सांगतो की त्या वेळी जे जे लावलेलं होतं त्यातलं लोकांनी काय चालू ठेवलं. कँटीनमध्ये पोहे आणि उपमा दोनच असतील आणि पोहे जास्त खपले तर लोकांना थालीपीठ नको होतं असं म्हणता येईल का? थालीपीठ केलंच नव्हतं.

दुसरं म्हणजे, नावं ठेवत बघितलेलं मिनिटही तेवढंच मोजलं जातं. कितीतरी लोक रात्री मालिका बघतात आणि मग तिची टर उडवणाऱ्या पोस्ट लिहितात, त्या पोस्ट मलाही वाचायला आवडतात, पण मीटरच्या घरात असं कोणी असेल तर त्याची ३० मिनिटं आणि डोळ्यांत पाणी आणून बघणाऱ्या बाईची ३० मिनिटं एकाच खात्यात जमा होतात. आणि मीटर नसलेल्या घरातून तुम्ही बघितलं काय, नाही बघितलं काय, टीआरपी हलत नाही. "निषेध म्हणून आम्ही बघणं बंद केलं" असं लिहिणाऱ्यांना हे माहीत असावं असं वाटतं. त्यापेक्षा चॅनलच्या पानावर नीट, नाव घेऊन, कुठल्या प्रसंगात काय खटकलं किंवा काय भिडलं ते लिहिलेलं जास्त उपयोगी, कारण टीमचे लोक ते वाचतात. मी ओळखते असे दोन लेखक आहेत जे रात्री भाग संपल्यावर कमेंट वाचत बसतात.

मोबाईलवर बघणाऱ्यांचं काय

ते या आकड्यात नाहीत. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये हेडफोन लावून बघणारी मुलगी किंवा दुबईत, न्यू जर्सीत ॲपवर बघणारी माणसं, यांची नोंद ॲपवाल्यांकडे असते पण ती गुरुवारच्या टीआरपीत मिसळत नाही. म्हणजे तरुण पोरं जी मालिका फोनवर बघतात तिचा टीआरपी कमी दिसू शकतो. आणि याद्यांमध्ये महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बाजार धरतात, त्यामुळे इंदूर, बडोदा, बेळगाव इथल्या मराठी घरांत काय चालतं हेही मराठी मालिकांच्या त्या यादीत दिसत नाही.

आईला हे सगळं मी दोन संध्याकाळी बसून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आपल्याकडे ते मशीन असतं तर मालिका वाचली असती?" मी म्हटलं नाही गं, एका घराने काय होणार. मग ती म्हणाली, "पण मी उठताना बटण चालूच ठेवलं असतं."

शेवटचा भाग गेल्या शनिवारी झाला. सोमवारी ८ ला तिने सवयीने तोच चॅनल लावला, नवी मालिका सुरू झाली होती, नायिकेचं नाव तिला अजून माहीत नाही. ती मेथी निवडत होती आणि आवाज चालू होता.